ओल मागाची, बुरशी खळीची

भिवंडीत ओल ही घरापुरती तक्रार कधीच नव्हती; धंद्याला ती हवी होती. 1857 नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग मांडले, 1930च्या दशकात यंत्रमाग आले, आणि 1982च्या गिरणी संपानंतर मुंबईचे बरेचसे विणकाम इथल्या कारखान्यांत सरकले. माग बदलले, सुताचा स्वभाव बदलला नाही. कोरड्या हवेत ते पटापट तुटते, दमट हवेत चिवट राहते. म्हणून सुती विणकामाला 75 ते 80 टक्के आर्द्रता मानवते, आणि खाडीकाठच्या या गावात पावसाळाभर ती आयतीच मिळते. पेच एवढाच, की ताण्याला लावलेली खळ म्हणजे बुरशीचे खाणे, आणि बुरशीलाही जवळपास तेवढाच दमटपणा लागतो.

हा पेच इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांनी आधी भोगला होता. 1861 ते 1865च्या अमेरिकन यादवी युद्धात चांगला कापूस मिळेनासा झाला, तेव्हा हलक्या सुतात खळ आणि चिनी माती ठासून कापडाचे वजन वाढवण्याचा प्रकार बोकाळला. असे कोरे कापड मुंबई-कलकत्त्याला पोचेपर्यंत गाठीतच डागाळायचे. त्यावर निघालेला तोडगा बघण्यासारखा आहे. खळीत मॅग्नेशियम क्लोराइड घालत, ते हवेतली ओल ओढून सूत मऊ ठेवण्यासाठी. आणि त्याच खळीत झिंक क्लोराइड घालत, ते बुरशी मारण्यासाठी. एकाच कढईत ओलीला आमंत्रण आणि बुरशीला मज्जाव! ओल म्हणजे पाणी, बुरशी म्हणजे त्या पाण्यावर जगणारा खाणारा जीव, हे खळ चढवण्याच्या, म्हणजे सायझिंगच्या धंद्याला नेमके कळले होते.

घराच्या बाबतीत मात्र आपण दोन्ही एकाच खात्यात टाकतो. पावसाळ्यानंतर कळीच्या चुन्याचा हात मारायची जुनी रीत होती, तेव्हा हा घोळ तितका महाग पडत नसे. ताजा चुना इतका जहाल की त्यावर बुरशी धरत नाही, खायला त्यात काही नसते, आणि भिंतीतले पाणी त्यातून वाफ होऊन निघून जाते. पुढे डिंक-सरसाचे डिस्टेंपर आणि पाणी कोंडणारे ऑइलपेंट आले. भिंतीवर एक प्रकारची खळच चढली. आता डाग ओळखावा लागतो. पायथ्याशी पांढरी भुकटी दिसली तर ओले बोट लावावे. विरघळली तर तो लोणा, म्हणजे जमिनीतून चढलेल्या पाण्याबरोबर आलेला क्षार. तो बहुधा दसऱ्यानंतर, भिंत सुकताना फुलतो. बोटाला काळपट-हिरवट चिकटले आणि कुबट वास आला तर ती बुरशी. ती आषाढ-श्रावणात, कपाटामागे, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात धरते.

कोणी म्हणेल, कोकणपट्टीची हवाच दमट, त्यात ओल आणि बुरशी वेगळी काय काढायची? पण हवाच दोषी असती तर सगळी भिंत सारखी काळी पडली असती. बुरशी कोपराच धरते, कारण तिथे वारा नसतो आणि स्वयंपाकाची वाफ थंड भिंतीवर बसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एका खोलीत सहा माणसे राहतात, तिथे ओल आणि बुरशी एकत्रच नांदणार. खरे आहे, पण म्हणूनच तिथे तुटपुंजा पैसा चुकीच्या जागी जाऊ नये. लोण्यावर बुरशीनाशक वाया जाते, आणि कपाटामागच्या बुरशीसाठी गिलावा फोडणे हा शुद्ध अपव्यय. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढले तरी बराच फरक पडतो. उलट, स्लॅबखाली तांबूस ओघळ आणि सळईच्या रेषेत चीर दिसली, तर बुरशीचा एक ठिपका नसला तरी इंजिनिअरला बोलवावे: आतली सळई गंजून फुगते आहे आणि काँक्रीट फोडते आहे.