बरणीतला मासा आणि पाण्यातला मासा

मित्रहो, आजची गोष्ट आफ्रिकेतल्या मलावी सरोवराची आहे. प्रश्न मात्र आपला नेहमीचाच. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असं आपण कशावरून म्हणतो?

या सरोवरात सिक्लिड कुळातल्या माशांच्या शेकडो प्रजाती आहेत. बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. १९३५ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एथेलविन ट्रेवावस यांनी त्यांची मोठी वर्गवारी सिद्ध केली. काम तोलामोलाचं, पण समोर होते बरणीत जपलेले मेलेले मासे. बरणीत रंग उडतो. उरतात दात, खवले, काटे. तेवढ्यावरून भेद करायचे.

सरोवराकाठचे कोळी मात्र खडकांतल्या माशांना 'म्बुना' म्हणत आणि मोकळ्या पाण्यात फिरणाऱ्यांना 'उटाका'. म्हणजे बघा, त्यांची विभागणी माशांच्या राहणीवरून होती. १९५९ मध्ये जेफ्री फ्रायर यांचा न्खाटा बे परिसरातला अभ्यास प्रसिद्ध झाला, तोही कोण कुठे राहतो, काय खातो, याच अंगाने.

पुढे पाठीवर हवेची टाकी बांधून अभ्यासक त्या खडकांपाशी तासन्‌तास थांबू लागले. 'झेब्रा' माशाचे निरनिराळे रंग म्हणजे एकाच प्रजातीची रूपं, अशी समजूत होती. १९७८ मध्ये होल्झबर्ग यांनी न्खाटा बे इथल्या निरीक्षणांवरून दाखवलं, की नुसते निळे आणि काळ्या पट्ट्यांचे निळे मासे आपापल्यातच जोड्या जमवतात. आपण तत्त्वज्ञानात विचारतो, भेद वस्तूत असतो की पाहणाऱ्याच्या मनात? इथे तर भेद मासेच करत होते, आणि तो डोळ्यांनी!

मग पाणीच गढूळ झालं तर? उत्तरेकडच्या व्हिक्टोरिया सरोवरात नेमकं हेच घडलं. वाहून आलेली माती, सांडपाणी यांनी तिथे शेवाळ माजलं. १९९७ मध्ये ओले सीहाउझेन आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की जिथे पाणी गढूळ तिथे माशांचे रंग फिके आणि प्रजातीही कमी. मादीला नराचा रंग नीट दिसेना, की दोन प्रजातींमधली सीमा पुसट होत जाते. बाहेरून आणून सोडलेल्या नाइल पर्च माशाने कितीतरी सिक्लिड फस्त केले, ते वेगळंच.

बरणीत रंग उडाला, तर सरोवरात उतरून पुन्हा बघता येतं. सरोवरातूनच तो गेला, तर आपण बघायला जाणार कुठे? आज इथे थांबू.