शलाकाग्रहण ते मतपेटी

दि. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खुसंघाचा आवर्जून उल्लेख केला. लोकशाही भारताला परकी नाही. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, प्रतोद, मतगणना, शलाकांद्वारे मतदान हे सारे संघाला ज्ञात होते, असे त्यांनी प्रतिपादन केले. हा उल्लेख आपल्या सभासंमेलनांतून वारंवार होतो. परंतु बहुधा तो अभिमानाने केला जातो आणि तेथेच थांबतो. पाली वाङ्मयाचे अभ्यासक या नात्याने आम्हांस पुढचे प्रश्न महत्त्वाचे वाटतात. संघात मते प्रत्यक्ष कशी घेतली जात? ती वळविण्याचे प्रयत्न होत काय? आणि आजच्या निवडणुकीकडे पाहताना त्यातून काय शिकावे?

संघाचे बहुतेक निर्णय मतदानावाचून होत. एक समर्थ भिक्खू संघापुढे 'ञत्ती' म्हणजे विज्ञप्ती मांडी. कम्माच्या स्वरूपानुसार ती एकदा अथवा तीनदा घोषित होई आणि मौन ही संमती मानली जाई. वाद मिटत नसेल तेव्हाच बहुमताचा, म्हणजे 'येभुय्यसिके'चा, आश्रय घेतला जाई. अधिकरण शमविण्याच्या सात उपायांपैकी हा एक होय. भिन्न मतांसाठी भिन्न रंगांच्या शलाका केल्या जात आणि प्रत्येक भिक्खू आपल्या मताची शलाका उचली. मत घेण्याचे तीन प्रकार चुल्लवग्गात सांगितले आहेत: गूळ्हक म्हणजे गुप्त, सकण्णजप्पक म्हणजे कानात सांगून घेतलेले, आणि विवटक म्हणजे उघड.

शलाका वाटणारा 'सलाकगाहापक' संघाने संमत केलेला असावा लागे. त्याच्या अंगी पाच गुण हवेत. तो छंदाच्या, द्वेषाच्या, मोहाच्या किंवा भयाच्या आहारी जाणारा नसावा, आणि कोणते मत घेतले गेले व कोणते नाही हे त्याला अचूक कळावे. याहून अधिक विचार करण्याजोगी आहे ती अवैध शलाकाग्रहणाच्या दहा प्रकारांची यादी. क्षुल्लक विषयावर घेतलेले मत, संघ फुटावा या हेतूने घेतलेले मत, गट करून उचललेल्या शलाका हे सारे अवैध. यादीतील शेवटचा दोष असा की, भिक्खू 'यथादिट्ठी', म्हणजे आपल्या दृष्टीप्रमाणे, शलाका घेत नाहीत. आपल्या विचाराविरुद्ध दिलेले मत मोजणीत आले तरी विनयाच्या दृष्टीने ते मत नव्हे.

येथे एक अडचण झाकून ठेवणे अभ्यासकाला शोभणार नाही. गुप्त पद्धतीत अधम्मवादी अधिक आहेत असे सलाकगाहापकाला आढळले, तर मते 'चुकीची घेतली गेली' असे ठरवून ती पुन्हा घ्यावीत, अशी आज्ञा विनयात आहे. धम्मवादी अधिक असले तरच निकाल घोषित करावयाचा. तेथे धम्म बहुमताच्या वर होता आणि तो कोणत्या बाजूस आहे हे मते घेणारा जाणतो, असे गृहीत धरले होते. एकाच शासनाचा स्वीकार केलेल्या संघात हे समजण्यासारखे आहे. नागरिकांच्या राज्यात मात्र निकाल न आवडल्यास तो फिरविण्याचा अधिकार कोणालाही देता येणार नाही. म्हणून संघाची पद्धती आणि आजची लोकशाही एकच, असे म्हणणे आम्हांस मान्य नाही. साम्य आहे ते निकालाआधीच्या दक्षतेत.

ही दक्षता का हवी, हे वेसालीच्या द्वितीय संगीतीच्या वृत्तांतावरून कळते. परिनिब्बानानंतर शंभर वर्षांनी वेसालीचे वज्जिपुत्तक भिक्खू उपोसथाच्या दिवशी उपासकांकडून नाणी स्वीकारू लागले. काकंडकपुत्त यस थेरांनी आक्षेप घेताच त्यांनाही वाटा देऊ करण्यात आला. तो त्यांनी नाकारला. पुढे जे घडले त्याला प्रचारमोहीमच म्हटले पाहिजे. यसांनी पावा आणि अवंती-दक्षिणापथ येथील भिक्खूंकडे दूत पाठविले. अहोगंग पर्वतावर पावेचे साठ आणि अवंती-दक्षिणापथाचे अठ्ठ्याऐंशी भिक्खू एकत्र आले. दोन्ही पक्षांना बहुश्रुत रेवत थेरांचा पाठिंबा हवा होता. वज्जिपुत्तक पात्रे, चीवरे व अन्य परिष्कारांची भेट घेऊन नावेने सहजातीला गेले. रेवतांनी ती स्वीकारली नाही. तेव्हा त्यांनी थेरांचे सेवक उत्तर यांना गाठले. आग्रहापुढे नमून उत्तरांनी एकच चीवर घेतले. मोबदल्यात मागणी होती ती एवढीच: बुद्ध पूर्वेकडील जनपदांत उत्पन्न होतात, पूर्वेचे भिक्खू धम्मवादी आहेत, असे थेरांनी संघात सांगावे. रेवतांनी उत्तरांना आपल्या सेवेतून दूर केले.

एक चीवर आणि प्रदेशाचा अभिमान! मत वळविण्याची ही दोन्ही साधने आजच्या वाचकाला नवी वाटणार नाहीत. पाठिंबा मिळविण्याचा खटाटोप यस थेरांनीही केला आणि त्यात काही गैर नव्हते. आपली बाजू समजावून सांगणे हा प्रचार होय; चीवर देऊन तोंडी वाक्य घालणे म्हणजे दुसऱ्याची दृष्टी विकत घेणे. संघ जमल्यावर चर्चा अंतहीन होऊ लागली, तेव्हा शलाका न वाटता 'उब्बाहिका', म्हणजे पूर्वेचे चार व पश्चिमेचे चार अशा आठ भिक्खूंची समिती, नेमून दहाही वस्तूंचा निर्णय करण्यात आला.

आता आपल्या काळाकडे वळू. १९३७ च्या मुंबई प्रांतिक विधिमंडळाच्या निवडणुकीत बहुसदस्य मतदारसंघांत एकत्रित मतदानाची सोय होती. मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देता येत. भायखळा-परळ विभागातून स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे राहिलेले बाबासाहेब काँग्रेसचे पालवणकर बाळू यांचा पराभव करून निवडून आले. पंधरा वर्षांनी, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, त्यांनी उत्तर मुंबई या द्विसदस्य मतदारसंघातील राखीव जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे लढविली. नियम आता वेगळा होता. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, तिच्यावर चिन्ह, आणि मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका. दोन्ही एकाच पेटीत टाकल्यास एकच ग्राह्य, दुसरी बाद. ज्याला केवळ बाबासाहेबांनाच मत द्यावयाचे होते, त्याने हत्तीच्या पेटीत दोन्ही पत्रिका टाकल्या तरी मत एकच धरले जाई. त्या मतदारसंघात सत्तर हजारांहून अधिक मतपत्रिका बाद ठरल्या. काँग्रेसचे नारायण काजरोळकर १४,५६१ मतांनी विजयी झाले. दुसरे मत वाया घालविण्याचा, आपल्याकडील शब्दांत 'मते कुजविण्याचा', प्रचार कम्युनिस्टांनी केला, असा आक्षेप घेऊन बाबासाहेब व अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली. ती फेटाळली गेली.

हा पराभव आपल्या समाजाच्या मनात अद्याप सलतो. परंतु सल जपणे आणि कारण समजून घेणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. त्या बाद पत्रिकांमागे प्रचार होता, तसे नियमाचे अज्ञानही असणार. एका निवडणुकीत बळ देणारी कृती दुसऱ्या निवडणुकीत निष्फळ ठरली. मत कसे मोजले जाते हे ठाऊक नसेल, तर निष्ठाही मोजणीत येत नाही. पुढे १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. उमेदवारांच्या स्वतंत्र पेट्या गेल्या, शिक्क्याची मतपत्रिका आली आणि कालांतराने यंत्र आले. साधन बदलले की दक्षताही नव्याने शिकावी लागते.

निवडणूक घेणाऱ्याच्या सचोटीचा प्रश्न बाबासाहेबांनी आधीच ओळखला होता. जून १९४९ मध्ये निवडणूक आयोगाचा अनुच्छेद, आजचा अनुच्छेद ३२४, संविधान सभेत मांडताना निवडणुकीची यंत्रणा शासनाच्या हातून काढून घेण्याचे कारण त्यांनी सांगितले: काही प्रांतांत विशिष्ट वंशाच्या, भाषेच्या वा संस्कृतीच्या लोकांना मतदारयादीतून वगळले जात असल्याच्या तक्रारी होत्या. आयुक्ताला पदाची शाश्वती दिली, तरी त्या पदावर मूर्ख, लबाड किंवा शासनाच्या अंकित माणूस बसू नये, यासाठी संविधानात तरतूद नाही, हेही त्यांनी त्याच चर्चेत प्रांजळपणे मान्य केले. सलाकगाहापकाच्या पाच गुणांची आठवण येथे होते. कायदा पद निर्माण करतो. छंद, द्वेष, मोह आणि भय यांपासून मुक्त असा माणूस मात्र समाजाला पाहून, पारखून आणि जाब विचारून मिळवावा लागतो.

हे सारे पाहिल्यावर भिक्खुसंघाचा वारसा केवळ अभिमानाने सांगण्याचा राहत नाही. यादीत आपले नाव आहे की नाही हे वेळेवर पाहणे, मतदानाचा नियम वस्तीतील प्रत्येकाला समजावून देणे, आणि दाराशी आलेले चीवर परत पाठविणे ही त्या वारशाची आजची कर्तव्ये होत. विहारांतून वर्षावासात ग्रंथवाचन होते. त्याच्या जोडीला निवडणुकीपूर्वी एक सायंकाळ या कामासाठी राखून ठेवावी, असे आम्ही उपासक-उपासिकांना सुचवितो. उत्तर हे वाईट भिक्खू होते असे वृत्तांत म्हणत नाही. त्यांनी फक्त एक चीवर घेतले होते.