बाहेरची शाई, आतलं दूध

खोक्याच्या बाहेर छापलेली शाई आतल्या दुधात कशी जाईल? मध्ये पुठ्ठा आहे, प्लास्टिकचा थर आहे. कुणालाही असंच वाटेल.

२००५ साली इटलीत तान्ह्या बाळांच्या तयार दुधात आयटीएक्स नावाचं रसायन सापडलं. नोव्हेंबरमध्ये सरकारी यंत्रणेनं नेस्लेचं सुमारे ३ कोटी लिटर दूध जप्त केलं. फ्रान्स, स्पेन, पोर्तुगालमधूनही माल परत घ्यावा लागला. दूध टेट्रापॅकच्या खोक्यांत होतं.

झालं कसं ते बघा. छपाईची काही शाई अतिनील प्रकाशाच्या झोतात क्षणात घट्ट होते. त्यासाठी तिच्यात प्रकाश शोषून ही क्रिया सुरू करणारं रसायन घालतात. आयटीएक्स हे तेच. पण ते सगळं खर्ची पडत नाही, थोडं मोकळं उरतं. छापलेला पुठ्ठा मोठ्या रिळावर गुंडाळला की एका वेढ्याची छापील बाजू दुसऱ्या वेढ्याच्या आतल्या बाजूला टेकते. उरलेलं रसायन तिथल्या प्लास्टिकमध्ये उतरतं. पुढे त्याच बाजूला दूध भरतात आणि दुधातला स्निग्धांश ते ओढून घेतो. म्हणजे शाई पुठ्ठ्यातून आरपार गेलीच नाही, ती मागच्या दारानं आली!

सापडलेल्या प्रमाणात धोका दिसत नाही, पण हे रसायन अन्नात असणं योग्य नाही, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं डिसेंबरमध्ये सांगितलं. तरीही युरोपीय संघ तिथं थांबला नाही. डिसेंबर २००६ मध्ये नियम झाला: छापील बाजूची रसायनं रिळातून किंवा थप्पीतून अन्नाच्या बाजूला, अन्न असुरक्षित होईल इतक्या प्रमाणात लागता कामा नयेत.

आपल्याकडे? नियम आहेत की. एफएसएसएआयचे पॅकेजिंगचे नियम २०१८ चे, लागू १ जुलै २०१९ पासून. छापील बाजू अन्नाला थेट लागू द्यायची नाही. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायचे नाहीत. स्पष्ट लिहिलंय.

आणि गाडीवर गरम, तेलकट वडा आजही थेट छापील रद्दीवर येतो. ही शाई त्या खोक्यावरची नव्हे, मान्य. पण ती खाण्याच्या वस्तूसाठी बनवलेलीच नसते, आणि इथं मध्ये एकही थर नाही.

गाडीवाल्याला एकट्याला दोष देऊन भागणार नाही. रद्दी स्वस्त, कोरा कागद महाग. पण 'दादा, कोऱ्या कागदात द्या' असं दहा गिऱ्हाइकांनी रोज म्हटलं तर फरक पडेल. आणि अन्न व औषध प्रशासनालाही विचारूया: आमच्या गावात या नियमाची तपासणी शेवटची कधी झाली?