वक्त्याचें मुखत्यारपत्र



दहा हजारांत एखादाच वक्ता निपजतो, असें आपल्याकडील एक जुनें सुभाषित सांगतें. ज्यानें हा हिशेब मांडला त्याच्या काळीं तो कदाचित् खराहि असेल. परंतु महाराष्ट्राच्या गेल्या पावणेदोनशें वर्षांकडे पाहिलें म्हणजे असें दिसतें कीं, वक्ता नुसता निपजत नाहीं, तो घडवावा लागतो. आणि त्याला घडविण्याचें काम जितकें त्याचें स्वतःचें, तितकेंच त्याच्या श्रोत्यांचें असतें. आवाज, शब्दसंपत्ति, हावभाव हीं वक्तृत्वाचीं बाह्य अंगें होत. बोलणाऱ्याला बोलण्याचा अधिकार कोणीं दिला आणि तो त्यानें कसा राखला, हा त्याचा प्राण होय. ह्या दृष्टीनें पुण्याच्या व त्याला लागून असलेल्या मुळशी तालुक्याच्या इतिहासांतील कांहीं प्रसंग आज आपल्यापुढें ठेवावयाचे आहेत.

भाषण ऐकण्याची संवय आपल्या समाजाला फार जुनी. कीर्तनाला गांव जमे, पुराणाला आळी जमे. पण बुवांच्या पुढें उभें राहून ‘हें मला पटत नाहीं’ असें म्हणण्याची चाल तेथें नव्हती. गोतसभेंत वादी-प्रतिवादी बोलत, साक्षीदार बोलत. परंतु तें एका तंट्यापुरतें, एका वतनापुरतें. सर्वांच्या हिताचा विषय ठरवावा, अध्यक्ष नेमावा, एकानें मंडन करावें, दुसऱ्यानें खंडन करावें आणि शेवटीं ठराव करावा, ही रीत आपल्याकडे एकोणिसाव्या शतकांत रूढ झाली. मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेंतील विद्यार्थ्यांची सभा १८४८ सालीं स्थापन झाली. तिच्या मराठी व गुजराती शाखांत निबंध वाचले जात आणि त्यांवर चर्चा होई. चारचौघांत उभें राहून विचार मांडण्याच्या तालमीची ही एक आरंभींची जागा होय.

पुण्यांत ह्या रीतीला निराळेंच वळण मिळालें. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीं तक्रारी होत्या. त्या सरकारपुढें कोणीं मांडाव्या असा प्रश्न निघाला आणि त्यांतून २ एप्रिल १८७० रोजीं पुणें सार्वजनिक सभा उभी राहिली. तिचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी पुढें ‘सार्वजनिक काका’ ह्याच नांवानें ओळखले जाऊं लागले. ह्या सभेचा एक नियम मोठा मार्मिक होता. सभासद होऊं इच्छिणाऱ्यानें निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणलें पाहिजे. आरंभीं असे ९५ प्रतिनिधि झाले आणि त्यांच्या मागें सुमारें ६,००० लोकांच्या सह्या होत्या. निवडणुका, मतपेट्या ह्यांचा देशांत मागमूस नसतांना पुण्यांतील ह्या गृहस्थांना एवढें उमगलें होतें कीं, ‘मी लोकांच्या वतीनें बोलतों’ असें म्हणणाऱ्याला ‘कोणत्या लोकांच्या?’ असें विचारण्याचा सर्वांस अधिकार आहे.

पुढें १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांत माणसें पाठविलीं, त्यांच्याकडून माहिती मागविली आणि ती सरकारपुढें ठेविली. भाषणाआधीं चौकशी आणि शब्दाआधीं आंकडा, ही शिस्त येथें लागली. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे १८७१ सालीं पुण्यास आले होते. ह्या शिस्तीमागें त्यांचा हात होता. त्यांच्याच प्रेरणेनें १८७५ सालीं वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालविणाऱ्या संस्थेचें नांव वक्तृत्वोत्तेजक सभा. नांवांतच हेतु स्पष्ट आहे. वक्तृत्व ही उत्तेजन देऊन वाढविण्याजोगी वस्तु आहे, असें हें नांव सांगतें. त्याच सुमारास विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं आपल्या ‘निबंधमाले’त वक्तृत्वावर स्वतंत्र निबंध लिहिला. उन्हाळ्याच्या संध्याकाळीं मोकळ्या हवेंत बसून निरनिराळ्या मतांचीं व्याख्यानें ऐकण्याची संवय पुणेंकरांना ह्या मालेनें लाविली. बोलणाऱ्याइतकी ऐकणाऱ्याचीहि तेथें तालीम झाली.

तरी एक गोष्ट विसरूं नये. ह्या सभागृहांचीं दारें सर्वांना सारखीं उघडीं नव्हतीं. तेथील भाषा शहरी, श्रोते शिकलेले आणि बहुतेक उच्चवर्णीय पुरुष. जोतीराव फुले यांनीं हें ओळखलें आणि श्रोत्यांची वाट न पाहतां ते श्रोत्यांकडे गेले. १८८३ सालीं पुरा झालेला ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ छापण्यापूर्वीं त्यांनीं त्यांतील भाग मुंबई, पुणें, ठाणें, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणीं लोकांपुढें वाचून दाखविला. ज्यांच्याविषयीं लिहिलें त्यांना तें आधीं ऐकवावें, हा प्रामाणिकपणा आजच्या पुढाऱ्यानेंहि शिकण्यासारखा आहे. २ मार्च १८८८ रोजीं ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यांत हरि रावजी चिपळूणकर यांनीं मेजवानी दिली, तेव्हां जोतीराव शेतकऱ्याच्या वेषांत तेथें गेले आणि हा दरबारी थाट म्हणजे खरा हिंदुस्थान नव्हे, तो खेड्यापाड्यांत पाहावा, असें त्यांनीं पाहुण्यांना बजाविलें. त्यांच्या भाषणाचा अर्धा भाग त्यांच्या पोषाखानेंच करून टाकिला होता.

स्त्रियांची वाट तर याहून बिकट. मुलींच्या हायस्कुलासाठीं पुण्यांत खटपट चालली असतां गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर रमाबाई रानडे यांनीं इंग्रजींत निवेदन वाचलें. सभेंत टाळ्या पडल्या. परंतु घरीं परततांच वडीलधाऱ्या बायकांचीं बोलणीं त्यांना ऐकावीं लागलीं. ती हकीकत त्यांनीं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ ह्या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत सांगितली आहे. व्यासपीठाच्या चार पायऱ्या चढण्याला जें धैर्य लागतें त्याहून अधिक धैर्य कित्येकांना घरचा उंबरा पुन्हां ओलांडून आंत येण्याला लागतें, हें त्यावरून कळून येतें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं वक्तृत्वाचे दोन संप्रदाय पुण्यांत शेजारीं शेजारीं नांदत होते. गोपाळ कृष्ण गोखले यांचें वक्तृत्व अभ्यासाचें होतें. अंदाजपत्रकावरील त्यांचीं भाषणें १९०२ पासून वरिष्ठ कायदे कौन्सिलांत गाजूं लागलीं, तीं आंकड्यांच्या बळावर. १२ जून १९०५ रोजीं त्यांनीं भारत सेवक समाज स्थापिला, त्यांत नव्या सभासदाला पांच वर्षें उमेदवारी करावी लागे. अभ्यास आणि देशपर्यटन हें त्या उमेदवारीचें स्वरूप होतें. १९१५ सालीं गांधीजी आफ्रिकेंतून परत आले, तेव्हां ‘वर्षभर देश पाहा, सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊं नका’ अशा आशयाचें वचन गोखल्यांनीं त्यांच्याकडून घेतलें. पुढें ज्याच्या एका शब्दावर कोट्यवधि लोक उठले, त्या पुरुषाच्या हिंदुस्थानांतील नेतृत्वाचा आरंभ असा मौनानें झाला.

लोकमान्य टिळकांचा संप्रदाय दुसरा. त्यांचें बोलणें साधें, थेट, बाजारांतल्या माणसाला कळेल असें. १९१६ सालच्या मे महिन्यांत बेळगांवास आणि त्या महिन्याच्या अखेरीस अहमदनगरास त्यांनीं स्वराज्यावर मराठींत भाषणें केलीं. देव तोच ठेवून पुजारी बदलण्याचा दृष्टान्त देऊन त्यांनीं राजनिष्ठा आणि नोकरशाहीचा विरोध ह्यांतला भेद लोकांना समजाविला. सरकारनें ह्या भाषणांचीं टिपणें घेवविलीं आणि त्यांवरून खटला भरला. मॅजिस्ट्रेटनें एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीसाठीं २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीन मागितले. नोव्हेंबरांत मुंबई हायकोर्टानें तो हुकूम रद्द केला. भाषणांतील सुटीं वाक्यें न पाहतां भाषण सबंध वाचलें पाहिजे, हें तेव्हां न्यायालयांत मान्य झालें.

आतां मुळशीकडे वळूं. येथें ह्या साऱ्या विद्येची कसोटी लागली. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठीं टाटा कंपनीनें मुळा व निळा ह्या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावयास घेतलें. पन्नासांवर गांवांतील भातखाचरें पाण्याखालीं जाणार होतीं. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, सुमारें १,२०० सत्याग्रही धरणाच्या जागीं जाऊन बसले आणि काम थांबलें. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. कामाची तहकुबी सहा महिन्यांची ठरली, आणि डिसेंबरांत पुन्हां झगडा सुरू झाला तो १९२४ पर्यंत चालला.

विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव अशी मंडळी ह्या लढ्यांत होती. पण मावळ्यांच्या मनांत घर केलें तें पांडुरंग महादेव बापट यांनीं. ‘सेनापति’ ही पदवी त्यांना मुळशीनेंच दिली. विलायतेंत शिकलेला हा विद्वान् पारनेरास हातांत झाडू घेऊन गांव झाडीत असे. तोच माणूस मुळशींत मावळ्यांना मार खाण्याची आणि तुरुंगांत जाण्याची गोष्ट सांगे, आणि सांगून स्वतः आधीं तुरुंगांत जाई. शेवटीं शेवटीं त्यांनीं अहिंसेची मर्यादाहि सोडली. त्यांनीं आगगाडी अडविली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. हा अखेरचा मार्ग सर्वांस पटला असें नाहीं. परंतु आपल्या शब्दाची किंमत त्यांनीं दुसऱ्याच्या खिशांतून दिली, असें त्यांच्या विरोधकांनाहि म्हणतां आलें नाहीं.

मग मुळशीचा लढा हरला कां? सत्ता आणि पैसा दुसऱ्या बाजूस होता, हें उघडच आहे. पण राजेंद्र व्होरा यांनीं ह्या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला, त्यांतून आणखी एक कारण पुढें येतें. पेट्यांतील पुष्कळशा जमिनी पुण्याच्या सावकारांच्या ताब्यांत वा त्यांच्याकडे गहाण होत्या. कसणाऱ्या मावळ्याला जमीन हवी होती. सावकाराला चांगला मोबदला मिळाला म्हणजे पुरे होतें. दोघांच्याहि वतीनें बोलणारीं माणसें एकाच व्यासपीठावर बसलेलीं होतीं. शब्द एक, त्यामागील इच्छा दोन. सार्वजनिक सभेनें पन्नास वर्षांपूर्वीं विचारलेला प्रश्न येथें नेमक्या वेळीं कोणीं विचारला नाहीं: हें मुखत्यारपत्र कोणाच्या सहीचें आहे? जमीन बुडाली, मोबदला वाटला गेला, आणि १९२७ सालीं भिरा येथील वीजघर सुरू झालें. पूर्वेकडे वाहणाऱ्या मुळेचें पाणी तेव्हांपासून सह्याद्रि ओलांडून कोंकणांत उतरूं लागलें.

त्याच वर्षीं महाडास निराळें दृश्य दिसलें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेंतील लोकांसह चवदार तळ्यापर्यंत चालत गेले आणि तेथील पाणी प्याले. ज्यांच्या वतीनें बोलावयाचें त्यांच्यांतलाच वक्ता होता. बोलणें संपलें आणि चालणें सुरू झालें, ह्या दोहोंत अंतर पडलें नाहीं.

मुळशीच्या धरणाखालीं उरलेली मुळा पौडावरून वाहत पुण्याच्या वेशीपाशीं येते, तेथें तिच्या कांठीं महाळुंगें आहे. हें चाकणचें महाळुंगें नव्हे. बालेवाडीच्या शेजारचें, मुळशी तालुक्यांतलें. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं येथें व बालेवाडीस मिळून क्रीडानगरी उभी राहिली. पुढें नदीपलीकडे हिंजवडीस संगणकाचे कारखाने आले, आणि शेतांच्या जागीं इमारती चढूं लागल्या. माण-महाळुंगें नगररचना योजना आंखली गेली. ३० जून २०२१ रोजीं २३ गांवें पुणें महानगरपालिकेंत घेतलीं गेलीं, त्यांत महाळुंगें होतें. १९५८ च्या कायद्यानें गांवच्या प्रत्येक मतदाराला ग्रामसभेंत बसण्याचा आणि सरपंचाला प्रश्न विचारण्याचा हक्क दिलेला होता. गांव शहरांत गेलें आणि ही सभा संपली. महापालिकेच्या सभागृहांत बोलतो तो निवडून दिलेला प्रतिनिधि. बाकीच्यांनीं अर्ज करावे, हरकती नोंदवाव्या, सुनावणीला हजर राहावें.

आणि सुनावणी म्हणजे तरी काय? ती एक लहानशी सभाच होय. समोर अधिकारी, हातांत नकाशा, बोलावयास थोडा वेळ. मुळशीच्या मावळ्यापुढें धरण होतें, येथें शहर आहे. ज्याची जमीन रस्त्यांत जाते त्याला चार वाक्यांत आपलें म्हणणें मांडतां आलें नाहीं, सातबाऱ्याचा आधार दाखवितां आला नाहीं, तर त्याच्या वतीनें दुसराच कोणी बोलतो, आणि तो कोणाच्या हिताचें बोलतो हें मागाहून कळतें. ह्या ठिकाणीं वक्तृत्व ही शोभेची कला राहत नाहीं. तें शेताच्या बांधाइतकें गरजेचें होतें.

म्हणून वाटतें कीं, ज्या ज्या गांवची ग्रामसभा शहरानें पोटांत घेतली, त्या त्या गांवांत एखादी छोटी वक्तृत्वोत्तेजक सभा चालावी. देवळाच्या मंडपांत चालावी, शाळेच्या वर्गांत चालावी, नव्या इमारतींच्या अंगणांतहि चालावी, म्हणजे जुना रहिवासी आणि नवा भाडेकरी एकमेकांचें ऐकतील. तिला मोठ्या वक्त्याची गरज नाहीं. आठवड्याला एक विषय घ्यावा. आधीं कागद पाहावे, मग बोलावें. घरांतल्या बाईनेंहि बोलावें. विरुद्ध मत पुरतें ऐकून घ्यावें. आणि जो आपल्या वतीनें बाहेर बोलावयास जाईल त्यानें परत येऊन काय बोललों तें सांगावें. सार्वजनिक काकांनीं ५० सह्या मागितल्या, त्या ह्याचसाठीं. सही देणारा जागा राहिला म्हणजे बोलणारा आपोआप जपून बोलतो.