एक्स-रेत न दिसणारी कंबर

अरुणाचलातल्या पोस्टिंगला मला सव्वा वर्ष झालं होतं. बोमडिल्याहून से ला खिंडीकडे चढणाऱ्या रस्त्यावर आमची कंपनी. गाडीच्या मागच्या फळीवर बसून पाच-पाच तास हादरे खाल्ले, तेव्हा कंबरेला काही झालं नाही. झालं ते एका सकाळी, पीटीच्या आधी, बुटाची लेस बांधताना. वाकलो आणि वर येताच येईना.

कंबरेत उसण भरणं म्हणजे काय, हे ज्याला भरली त्यालाच कळतं. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी दोर पिळून ताणावेत आणि श्वास घेतला तरी पीळ वाढावा, तसं होत होतं. दोन जवानांनी मला उचललं, तेव्हा वीस वर्षं नोकरी झालेला नायब सुभेदार मी, सगळ्या कंपनीदेखत ओरडलो. एमआय रूममध्ये इंजेक्शन झालं, मग स्ट्रेचर, मग अॅम्ब्युलन्स. खाली आसामच्या मैदानातल्या लष्करी रुग्णालयात अकरा दिवस काढले.

दुसऱ्या दिवशी नर्सिंग असिस्टंट हसत आला. "साब, एक्स-रे तो एकदम साफ है." त्या बिचाऱ्याला वाटलं आनंदाची बातमी देतोय. माझा चेहरा मात्र पडला. कारण हेच वाक्य दोन वर्षांपूर्वी मी एका शिपायाला ऐकवलं होतं.

तेव्हा पलटण राजस्थानात होती. तो पोरगा मॉर्टर प्लाटूनचा. ८१ मिलिमीटर मॉर्टरची बेसप्लेट पाठीवर घेऊन पळणारा. महिन्याभरात तीनदा सिक रिपोर्ट झाला. एक्स-रेत काही निघालं नाही. मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणालो, "एक्स-रे साफ आहे, मग दुखतंय काय तुझं? पीटी चुकवायचा बहाणा!" त्यानंतर तो सिक रिपोर्ट झाला नाही. जरा तिरका चालायचा, एवढंच. मी समजलो, सुधारला.

आता पलंगावर उताणा पडून छताकडे बघताना तो तिरका चालणारा पोरगा डोळ्यासमोरून हलेना.

वॉर्डचे डॉक्टर तरुण कॅप्टन होते आणि त्यांना जुन्या गोष्टींचा नाद होता. राउंडला आले की माझा पाय गुडघ्यात न वाकवता सरळ वर उचलायचे आणि कुठे कळ येते ते विचारायचे. एकदा मी विचारलं, "सर, पाय उचलून कंबरेचं कसं कळतं?" तेव्हा त्यांनी सांगायला सुरुवात केली. बाकीचं मी फोनवर वाचत गेलो. दुसरं काम तरी काय होतं?

ही तपासणी लासेग या फ्रेंच डॉक्टरच्या नावाने ओळखली जाते. त्याच्या एका विद्यार्थ्याने ती १८८१ साली प्रबंधात लिहिली. पण मूळ कल्पना फार जुनी. १८६२ साली एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने इजिप्तमधल्या लक्सरला एक पपायरस विकत घेतला. तो साडेतीन हजार वर्षांहून जुना. त्यात दुखापतींची ४८ प्रकरणं आहेत, डोक्यापासून खाली उतरत जाणारी. शेवटचं प्रकरण मणका लचकलेल्या माणसाचं. वैद्य त्याला पाय पसरायला आणि आखडायला सांगतो, आणि दुखतंय म्हणून तो माणूस पाय लगेच आखडून घेतो. मग उपचार सुरू होतो. त्याला उताणं झोपवा, इथवर येऊन मजकूर अर्ध्यातच तुटतो. पुढचं औषध काय, ते आपण अजून शोधतोय!

त्या वैद्याने रोग्याला खोटं ठरवलं नव्हतं. संशयाला जोर आला तो पुढे, पैसा आणि नोकरी मध्ये आल्यावर. इंग्लंडात रेल्वे धावू लागली, अपघात होऊ लागले, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी माणसं पाठीच्या दुखण्यासाठी भरपाई मागू लागली. जॉन एरिक एरिक्सन या लंडनच्या सर्जनने १८६६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. मज्जारज्जूला हादरा बसून हे होतं, असं त्याचं म्हणणं. त्याला 'रेल्वे स्पाइन' असं नावच पडलं. १८८३ साली हर्बर्ट पेजने उलट पुस्तक लिहिलं. हा बराचसा भीतीचा परिणाम आहे, कण्याला इजा झालेलीच नसते, असा त्याचा सूर. पेज हा एका रेल्वे कंपनीचाच सर्जन होता. कोर्टात दोन्ही बाजूंचे डॉक्टर भांडत राहिले.

मग १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले. फौजेने ते किती पटकन उचलले बघा. दोन वर्षांत, १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, सर्जन-मेजर बीव्हरने एक्स-रेचं यंत्र वायव्य सरहद्दीवर नेलं आणि जखमींच्या अंगातल्या गोळ्या शोधल्या. गोळी दिसते, मोडलेलं हाड दिसतं. पण दोन मणक्यांमधली चकती, ज्याला आपण गादी म्हणतो, ती साध्या एक्स-रेत दिसत नाही. पिळलेला स्नायूही दिसत नाही. सरकलेली चकती मज्जातंतूला दाबते आणि पायापर्यंत कळ जाते, हे बोस्टनच्या मिक्सटर आणि बार यांनी ठामपणे मांडलं ते १९३४ साली. म्हणजे तोवर कितीजण 'साफ' एक्स-रे घेऊन बहाणेबाज ठरले असतील!

एमआरआयने चकती दिसू लागली, तर वेगळीच गंमत झाली. १९९४ साली अमेरिकेत ९८ जणांचे एमआरआय तपासले गेले. सगळे पाठ न दुखणारे. त्यातल्या ५२ टक्के लोकांची निदान एक चकती फुगलेली निघाली. म्हणजे चित्र साफ असून माणूस विव्हळतो आणि चित्र बिघडलेलं असून माणूस मजेत फिरतो. मग साक्ष कुणाची धरायची? आधी रोग्याचीच.

दुसरी चूक विश्वास ठेवणाऱ्यांची. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस, ज्याची थॉमस स्प्लिंट पहिल्या महायुद्धात मांडीचं हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांच्या कामी आली, तो सक्तीच्या, दीर्घ विश्रांतीचा कट्टर पुरस्कर्ता होता. मोडलेल्या हाडाला ते ठीक. पण कंबरदुखीलाही तोच नियम लागला आणि माणसं आठवडेच्या आठवडे फळीवर झोपवली गेली. १९४७ साली रिचर्ड अॅशर या ब्रिटिश डॉक्टरने अंथरुणाला खिळण्याच्या धोक्यांवर लेख लिहिला. पुढे १९८६ साली टेक्सासमध्ये २०३ रोग्यांवर अभ्यास झाला. काहींना दोन दिवस विश्रांती सांगितली, काहींना सात. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्के कमी बुडाले आणि बाकी बाबतीत ते कुठे मागे नव्हते.

म्हणूनच तिसऱ्या दिवशी केरळच्या सिस्टर पलंगापाशी उभ्या राहिल्या. "साब, चलो, बाथरूम तक." मी म्हणालो, जमणार नाही. त्या हलल्याच नाहीत. बारा पावलांना मला दहा मिनिटं लागली. घामाने बनियन भिजलं. पाचव्या दिवशी व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलो.

आमच्या गावात उसण भरली की पायाळू माणसाला बोलवत. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, तो पायाळू. तो दुखऱ्या जागी पाय लावायचा. त्याने किती गुण यायचा, देव जाणे. पण आजीने कधी कुणाला 'खरंच दुखतंय का?' असं विचारलेलं मला आठवत नाही, आणि पाय लावून झाला की ती माणसाला उठवून अंगणात फिरवायची.

डिस्चार्ज मिळाला तो सहा महिन्यांच्या लो मेडिकल कॅटेगरीसह. युनिटमध्ये परत आल्यावर त्या शिपायाचा नंबर शोधला. तो पोस्टिंगवर दुसरीकडे होता, तोही कॅटेगरीत. नंतर त्याच्या एमआरआयमध्ये सरकलेली चकती निघाली होती. मी म्हणालो, "त्या दिवशी मी चुकलो. सगळ्यांसमोर बोललो, ते तर फारच चुकलं." बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, "साहेब, आता तुमची कंबर कशी आहे?"

मी माफी मागितली ती फोनवर, एकट्याची. बोललो होतो तीस जणांसमोर. हा हिशेब काही जुळत नाही, म्हणून इथे लिहितोय.

त्यानंतर पेन्शन येईपर्यंत माझ्याकडे कंबर धरून जो कोणी आला, त्याला मी आधी तीन प्रश्न विचारले. पायातली ताकद गेली का? बैठकीच्या जागी बधिरपणा आहे का? लघवीवरचा ताबा सुटलाय का? एकालाही हो म्हणाला तर थांबायचं नाही, तडक रुग्णालय. नाही म्हणाला तर एमआय रूम, दोन दिवस आराम आणि मग हळूहळू चालणं. बहाणा करणारे दोन-चार त्यात सुटले असतील. सुटोत.