परळची गोळी आणि जावा

आमच्या जांब्यात माझ्या पणजोबाला लोक 'नेव्हीवाला' म्हणायचे. खरं म्हंजे त्यानं जन्मात बोटीवर पाय ठेवलेला नव्हता. तो परळला एका गिरणीत रिंगखात्यावर होता, आणि १९४६ साली मांडीत गोळी घेऊन मुळशीला परत आला तो लंगडतच. आजी सांगते, "मामंजींना इचारलं का म्हनायचं, नेव्हीच्या संपात लागली." एवढंच. लहानपणी मला वाटायचं नेव्हीनंच त्याला गोळी घातली. पुढं मी स्वतः सूतगिरणीत लागलो, रातपाळी संपली की वाचायची खोड लागली, तेव्हा कळलं की गोळी घालणारे दुसरेच होते. नेव्हीच्या पोरांसाठी पणजोबा रस्त्यावर आला होता. आणखी वाचलं तेव्हा कळलं की त्या पोरांच्या मागण्यांत एक मागणी अशी होती जिचा डाळभाताशी, पगाराशी काही संबंध नव्हता. इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत बोलवा.

या एका मागणीवर मला लिहायचंय. शाळेच्या पुस्तकात हा उठाव आला तरी दोन ओळींत येतो. त्या दोन ओळींत इंडोनेशिया नसतो. गिरणी कामगार तर नसतोच.

आधी तिकडचं सांगतो. १९४५ च्या ऑगस्टात जपान शरण आला आणि १७ ऑगस्टला सुकार्नो आणि हाता यांनी इंडोनेशिया स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. त्याआधी कित्येक पिढ्या तिथं डचांचं राज्य. आपल्याकडं वेंगुर्ल्याला ज्यांची पडकी वखार आहे तेच हे वलंदेज. १९४० साली हिटलरनं त्यांचा स्वतःचाच देश गिळला, नंतर जपान्यांनी जावा घेतला. आता परत जाऊन मालकी सांगायला त्यांच्यापाशी फौज नव्हती. मग इंग्रज पुढं झाले. सांगायला काम असं होतं की जपान्यांची हत्यारं काढून घ्यायची आणि छावण्यांतले कैदी सोडवायचे. हे काम काही खोटं नव्हतं. छावण्यांत हजारो माणसं बायकापोरांसकट उपाशी सडत होती. पण गावातनं सावकार हाकलून लावावा, आणि चार दिवसांनी फौजदार यावा, म्हणावा आम्ही फक्त पंचनाम्याला आलोय, आणि त्याच्या पाठीमागं तोच सावकार उभा दिसावा, तसं जाव्यातल्या लोकांना दिसत होतं. इंग्रजांच्या मागोमाग डच अधिकारी उतरत होते.

आणि इंग्रजांपाशी तरी गोरी फौज कुठं मोकळी होती? गोऱ्या सोजीरांना घरी जायचं होतं. पाठवली ती मुख्यतः हिंदी फौज. जाव्यात २३ वी डिव्हिजन, पाठोपाठ ५ वी, सुमात्रात २६ वी. फ्रेंचांसाठी सायगावला २० वी. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर १९४४ ला, जर्मन निघून गेल्यावर ग्रीसमध्ये ग्रीक लोकांचीच आपसात जुंपली, तेव्हा अथेन्सच्या बाजूच्या लढाईतसुद्धा ४ थ्या हिंदी डिव्हिजनचे शिपाई होते. ग्रीसचं भांडण काय, राजा कोण, लाल कोण, पंजाबातल्या नाहीतर गढवालातल्या पोराला काय ठाऊक? त्याला हुकूम ठाऊक.

आता जरा थांबून वाचा. २५ ऑक्टोबर १९४५ ला जाव्यातल्या सुराबाया बंदरात ४९ वी ब्रिगेड उतरली, चार हजारांच्या आसपास माणसं. तिच्यात तीन पलटणी. एक राजपुताना रायफल्सची, आणि दोन मराठा लाइट इन्फंट्रीच्या, चौथी आणि सहावी. म्हंजे साताऱ्याची, कोल्हापूरची, कोकणातली पोरं. लहान लहान तुकड्या करून साऱ्या शहरात विखुरलेली. तीन दिवसांत शहर उठलं. पोरांना इमारतींत कोंडून मारलं गेलं, पोरांनीही मारले. ३० तारखेला त्यांचा ब्रिगेडियर मॅलबी मोटारीत मारला गेला. इंग्रजांनी मग पत्रकं टाकून हत्यारं खाली ठेवायचा हुकूम दिला, तो लोकांनी मानला नाही, आणि १० नोव्हेंबरला बोटींवरून तोफा आणि वरून विमानं. रस्त्यारस्त्यानं ही लढाई तीन आठवडे चालली. सुराबायाचे हजारो लोक मेले. इंडोनेशियात १० नोव्हेंबर अजून वीरांचा दिवस म्हणून पाळतात. आपल्या साताऱ्याला त्या दिवशी काय पाळतात? जे परत आले नाहीत त्यांची नावं घरच्यांना तरी पाठ असतील का, देव जाणे. (देव हा शब्द सवयीनं आला, राहू द्या.) वर्षभराच्या या कामगिरीत इंग्रजांच्या बाजूचे सहाशेच्या आसपास मेले, त्यांत बहुतेक हिंदी.

त्या मराठी शिपायाला मी शिव्या घालणार नाही. घालणं सोपं आहे. दुष्काळी गावातला, दोन एकरांत पाच भाऊ, पलटणीत भरती झाला तर घरी मनिऑर्डर येते एवढंच त्याचं राजकारण. इंडोनेशियाच्या लोकांनी भिंतींवर लिहून, पत्रकं टाकून त्याला सांगितलं की तूही गुलाम, आम्हीही गुलाम, आमच्यावर बंदूक कशाला धरतोस? काही शे हिंदी शिपाई खरोखर तिकडं गेलेही. बाकीचे हुकमाला बांधलेले राहिले.

इकडं लोक गप्प नव्हते. २५ ऑक्टोबर १९४५, म्हंजे सुराबायात पलटणी उतरल्या त्याच तारखेला, हिंदुस्थानात आग्नेय आशिया दिन पाळला गेला. काँग्रेसनं निषेध केला, लीगनं केला, लाल बावट्यानं केला. पण ठरावांपेक्षा मला गोदीवाल्यांचं मोल जास्त वाटतं. मुंबई आणि कलकत्त्याच्या गोदी कामगारांनी तिकडच्या फौजेसाठी जाणारा माल चढवायला नकार दिला. ऑस्ट्रेलियात सिडनी, ब्रिस्बेनच्या बंदरांत गोऱ्या गोदी कामगारांनी डच बोटींवर बहिष्कार टाकला, आणि त्या बोटींवरचे हिंदी खलाशी पगारावर पाणी सोडून उतरले. योरिस इव्हन्स नावाच्या डच माणसानंच त्यावर १९४६ साली 'इंडोनेशिया कॉलिंग' हा बोलपट काढला. डच असून डचांविरुद्ध. आपल्याकडं आपल्या जातीविरुद्ध बोलपट काढणारा सवर्ण कधी जन्मला ते शोधावं लागेल.

मग आला १९४६ चा फेब्रुवारी. १८ तारखेला कुलाब्याच्या 'तलवार' या नाविक तळावर पोरांनी जेवण नाकारलं. खाणं वाईट, पगार गोऱ्या खलाशाच्या मानानं कुठल्या कुठं, आणि वर कमांडर किंगची आईबहिणीवरची भाषा. बी. सी. दत्त या पोराला भिंतींवर 'चले जाव' रंगवल्याबद्दल आधीच पकडलेला. दुसऱ्या दिवशी बंदरातल्या बोटींवर काँग्रेस, लीग आणि लाल, तिन्ही झेंडे चढले. संप समिती झाली, अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. एक मुसलमान, एक शीख. मागण्यांची यादी खाण्यापासून सुरू होऊन आझाद हिंद फौजेच्या कैद्यांना सोडा इथवर आणि इंडोनेशियातून सैन्य काढा इथवर गेली. ही पोरं विशी-बाविशीची होती, आपल्यासारखी. आपली डाळ मागता मागता दुसऱ्या मुलखातल्या माणसाचं स्वातंत्र्य मागावं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. लढाईत ती बंदरोबंदर फिरली होती, त्यांनी पाहिलं होतं.

कॅसल बराकीला वेढा पडला, २१ तारखेला गोळ्या सुटल्या. तिथं आधी पहारा मराठा पलटणीचाच होता, मागून गोरे आणले. तिकडं सुराबायात मराठा, इकडं फोर्टात मराठा. साहेबाचा हिशेब चोख.

२२ फेब्रुवारीला मुंबई बंद. कम्युनिस्टांनी हाक दिली, समाजवाद्यांपैकी अरुणा असफअली वगैरे सोबत होत्या. सरदार पटेल आणि लीगवाले बंदच्या विरुद्ध होते. तरी भोंगे वाजले आणि कामगार आत गेला नाही. परळ, लालबाग, डिलाईल रोड, सगळा गिरणगाव बाहेर. लष्कराच्या लाऱ्या चाळींमधून गोळ्या झाडत फिरल्या. परळला कमल दोंदे मारल्या गेल्या. दोन-तीन दिवसांत सरकारी आकड्यानंच सव्वादोनशेच्या वर माणसं मेली, हजारावर जखमी. त्या हजारात माझा पणजोबा एक. २३ तारखेला पटेलांच्या सांगण्यावरून नाविक शरण गेले. कुणावर सूड उगवणार नाही असा त्यांना भरवसा दिला होता. मग पोरांना पकडलं, नोकरीतून काढलं, आणि स्वतंत्र भारताच्या नौदलानंही परत घेतलं नाही. कुलाब्याला आता त्यांचं स्मारक आहे. गिरणगावच्या मेलेल्यांचं काय? तिथं टॉवर आहेत. जांब्याभोवतीही आता टॉवरच, हिंजवडीपासून मारुंजीपर्यंत.

आता आपला प्रश्न. तो टाळून मी हा लेख लिहिला तर तुम्ही तो फाडून टाका.

त्या वेळी बाबासाहेब कुठं होते? व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री, १९४२ पासून. म्हंजे ज्या सरकारनं जाव्यात सैन्य धाडलं त्याच सरकारात. आपले विरोधक हे तोंडावर फेकतात, आपले कार्यकर्ते ऐकून लाल होतात. दोघांनीही आधी नीट पाहावं. लष्कराचं खातं सरसेनापती ऑकिनलेककडं होतं, आणि जावा-सायगावचे हुकूम माउंटबॅटन आणि लंडनकडून सुटत होते. बाबासाहेब त्या दिवसांत कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणत होते. तो कायदा १९४६ सालीच झाला, आणि मी आज जी पाळी करतो ती त्यातूनच आली. पण म्हणून 'त्यांचा काय संबंध' असं म्हणून सुटायचंही मला पटत नाही. त्या सरकारात बसायची किंमत होती, ती त्यांनी जाणून मोजली. अस्पृश्याच्या हाती दुसरं दार नव्हतं.

आणि बंदुकीचंही तसंच. कोरेगाव आपल्याच जिल्ह्यात, १ जानेवारीला आपण जातो. १८१८ ला लढलो आणि पाऊणशे वर्षांनी साहेबानं 'लढाऊ जाती' काढून आपली भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज केला. पहिल्या महायुद्धात गरज लागली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली, गरज सरली तशी मोडली. १९४१ ला बाबासाहेबांच्या झगड्यानंतर बेळगावला महार रेजिमेंट. पलटणीत शिरायला आपण पन्नास वर्षं दार ठोकलंय, त्यामुळं पलटण कुठं धाडतात हे विचारताना आपली जीभ अडते. माझीही अडते. पण पणजोबाची अडली नाही, हे मला सारखं टोचतं. तो रिंगखात्यातच का होता? लूमखात्यात महाराला घेत नसत. कांडी बदलली की धोट्यातला धागा तोंडानं ओढायला लागायचा, सवर्ण विणकऱ्याला विटाळ व्हायचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडलं. १९३८ ला ७ नोव्हेंबरच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा एकत्र आले. १९४६ ला लूमखातं आणि रिंगखातं एकाच रस्त्यावर पडलं. लूमखात्याचं दार पुढं लगेच उघडलं असं मात्र नाही.

पुढचं थोडक्यात. १९८७ च्या जुलैत भारतानं श्रीलंकेत शांतिसेना धाडली. ऑक्टोबरात तिची तामिळ वाघांशीच लढाई जुंपली. २५ नोव्हेंबर १९८७ ला ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन तिथं पडले. जन्म मुंबईचा, १९४६ चाच. मरणोत्तर परमवीर चक्र. अकराशेच्या वर भारतीय जवान त्या मुलखात गेले. तामिळनाडूत विरोध जोरात होता. १९९० च्या मार्चमध्ये फौज मद्रासला परतली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. मेलेल्या जवानाच्या आईला ते कसं लागलं असेल हे मला कळतं, आणि करुणानिधी का गेले नाहीत हेही कळतं. मुंबईत भोंगा बंद पाडून त्यावर बोलेल असा गिरणगाव तोवर उरला नव्हता. जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानं अडीच लाख कामगार रस्त्यावर आले ते बरेचसे तिथंच राहिले.

जाव्याचं एक सांगायचं राहिलं. १९४६ साली इकडं धान्याचा दुष्काळ पडायची वेळ आली, तेव्हा इंडोनेशियाचे पंतप्रधान शाहरीर यांनी हिंदुस्थानला पाच लाख टन तांदूळ देऊ केला. डचांनी बंदरं अडवली होती, त्यांच्याच लोकांच्या अंगावर चिंध्या होत्या. बदल्यात त्यांनी जे मागितलं त्यात मुख्य होतं कापड. गिरणीचं कापड.

तेव्हा एक काम करा. नायगाव, वरळी, डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळींतून गावी गेलेल्या घरांत विचारा, २२-२३ फेब्रुवारीला कुणाला लागली, कोण गेलं, कुठल्या खात्यात होतं. ज्यांच्याकडं पलटणीची कागदपत्रं आहेत त्यांनी जावा, सुमात्रा, सायगाव ही नावं सापडतात का पाहावं. लिहून पाठवा, शुद्धलेखनाची काळजी करू नका. जांब्याचं एक नाव मी लिहून ठेवलंय.