‘हेअर्स अँड सक्सेसर्स’ : एका तहाचा ध्वन्यर्थ

अभिधा आणि व्यंजना यांचा विचार आपण बहुधा काव्यापुरताच करतो. पण तहनाम्यांनाही ध्वन्यर्थ असतो, आणि तो कोणी लावायचा यावर राज्ये उभी राहतात वा बुडतात. सातारा हे त्याचे ठळक उदाहरण होय.

२५ सप्टेंबर १८१९ च्या तहान्वये ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंह आणि त्यांचे ‘हेअर्स अँड सक्सेसर्स’, म्हणजे वारस व उत्तराधिकारी, यांना ‘पर्पेच्युअल सॉव्हरेन्टी’ने मुलूख दिला. ‘पर्पेच्युअल’ हा निश्चिततेच्या परमावधीचा शब्द. त्याला ‘जर’ नाही, ‘कदाचित’ नाही. दत्तकाविषयी मात्र तह मूक होता.

प्रतापसिंहांना १८३९ मध्ये पदच्युत करून कंपनीने त्यांचे बंधू शहाजी यांना गादीवर बसवले. तेही ५ एप्रिल १८४८ रोजी औरस पुत्राविना निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. आता प्रश्न त्या मौनाच्या अर्थाचा होता.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचे म्हणणे असे, की शब्द हिंदू राजासाठी लिहिले आहेत, तेव्हा ‘वारसा’त हिंदू धर्मशास्त्राला मान्य असलेला दत्तकही येतो. गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी उलट वाचन केले : दत्तक खाजगी मालमत्तेचा वारस होईल, राज्याचा वारस होण्यास सार्वभौम सत्तेची संमती हवी. ही अट तहात लिहिलेली नव्हती. तिला त्यांनी गृहीत धरले. १८४९ मध्ये सातारा खालसा झाले.

आम्हांला येथे महत्त्वाचे वाटते ते हे : दोन्ही वाचक इंग्रज होते, भाषा त्यांचीच होती. म्हणजे मतभेद इंग्रजीच्या अज्ञानातून उद्भवला नाही. एकाने शब्द ज्याला दिला त्याच्या समजुतीत अर्थ शोधला. दुसऱ्याने तो देणाऱ्याच्या अधिकारात शोधला.

१८५७ च्या उठावानंतर सरकारला हे मौन महाग वाटू लागले असावे. १८६२ मध्ये संस्थानिकांना दिलेल्या सनदांत दत्तकाचा हक्क स्पष्ट शब्दांत आला. शेजारच्या सांगलीचे धुंडिराज पटवर्धन १९०१ मध्ये निपुत्रिक वारले, तरी १९०३ मध्ये दत्तक चिंतामणराव वारस ठरले आणि संस्थान १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकले. त्याच पटवर्धन घराण्याचे तासगाव मात्र १८४८ मध्येच खालसा झाले होते.

इंग्रजीतील ‘शॅल’, ‘मे’, ‘पर्पेच्युअल’ यांच्या निश्चिततेच्या पायऱ्या आपण व्याकरणातून शिकवतो. त्या पायऱ्यांवर उभे कोण आहे, हेही वर्गात विचारले पाहिजे.